गेलेला मेल कुठे असतो?

"सर, मेल जाऊनच नाही राहिला!"

नागपुरातल्या मोठ्या कंपन्यांच्या आयटी विभागांना हे वाक्य नवं नाही. कंपनी मिहानमधली असो, परसोडीच्या आयटी पार्कमधली असो, की सिव्हिल लाइन्समधलं एखादं मुख्यालय असो. ॲडमिन स्क्रीन बघतो. सर्व्हर चालू, प्रोसेसर निवांत, सगळे दिवे हिरवे. तरीही तक्रार खरी असू शकते, कारण मेल सर्व्हर हे बंद न पडताही बिघडणारं यंत्र आहे.

याचं मूळ त्याच्या जुन्या स्वभावात आहे. ऑगस्ट १९८२मध्ये जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपीचे, म्हणजे मेल पाठवण्याच्या पद्धतीचे, नियम लिहिले, तेव्हा नेटवर्कचा भरवसा नव्हता. समोरचा सर्व्हर सापडला नाही, तर मेल रांगेत ठेवायचा आणि पुन:पुन्हा पाठवून बघायचा, अशी रीत पडली. आजचं पोस्टफिक्स हे मेल सर्व्हर सॉफ्टवेअरही तेच करतं. मूळ सेटिंग बदललेली नसेल, तर पहिला प्रयत्न फसल्यावर साधारण ५ मिनिटांनी दुसरा, मग अंतर वाढत वाढत ४००० सेकंदांपर्यंत, आणि ५ दिवसांनी मेल परत. इकडे पाठवणाऱ्याच्या 'सेंट' फोल्डरमध्ये मेल केव्हाच दिसत असतो. कोटेशन दुपारी तीनच्या आत पोहोचायचं असेल, तर ही पाच दिवसांची चिकाटी काय कामाची?

म्हणून जाणता ॲडमिन आधी रांग उघडतो. 'मेलक्यू' ही कमांड दिली की अडकलेल्या प्रत्येक मेलची नोंद समोर येते: क्रमांक, आकार, आल्याची वेळ, पाठवणारा, अडण्याचं कारण आणि ज्याला जायचं त्याचा पत्ता. सगळे पत्ते एकाच डोमेनचे असतील, तर घोटाळा बहुधा तिकडचा. पत्ते दहा ठिकाणचे आणि कारण एकच, 'कनेक्शन टाइम्ड आउट', तर आपली लाइन किंवा फायरवॉल तपासायची. एकाच कर्मचाऱ्याच्या नावावर हजारो मेल दिसले, तर त्याचा पासवर्ड चोरीला गेल्याचा संशय घ्यायचा आणि खातं तिथल्या तिथे बंद करायचं. उशीर झाला, की सर्व्हरचा आयपी पत्ता ब्लॅकलिस्टमध्ये जातो आणि कंपनीचे खरेखुरे मेलही बाउन्स होऊ लागतात.

रांगेच्या लांबीपेक्षा तिच्यातल्या सर्वांत जुन्या मेलचं वय जास्त बोलकं असतं. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा मार्ग जिथे मिळतात, त्या नागपूर स्टेशनला गाड्या किती येतात याचं कौतुक नाही. एखादी गाडी आउटरला किती वेळ खोळंबली, हे विचारावं लागतं.

रांगेनंतर बघायची दुसरी जागा डिस्कची. एक्स्चेंज या मेल सर्व्हरमध्ये सगळ्या मेलबॉक्सेस डेटाबेसमध्ये असतात. डिस्कवरून वाचायला सरासरी २० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागू लागला, की आउटलुक अडखळतं आणि लोक इंटरनेटच्या नावाने खडे फोडतात. डिस्क भरत आली, तर एक्स्चेंज नवे मेल घेणंच थांबवतं आणि '४५२ ४.३.१' हा संदेश देऊन पाठवणाऱ्याला 'नंतर या' म्हणतं. असे आकडे ताडताना मात्र सोमवारी सकाळी दहाचा लोड रविवार रात्रीच्या लोडशी ताडून उपयोग नाही. तो मागच्या सोमवारी दहाला किती होता, ते बघायचं.

आकडा मात्र खराच असतो असंही नाही. ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंश तापमान नोंदलं गेलं आणि देशभर बातमी झाली. पुढे हवामान खात्याने खुलासा केला, की सेन्सरच बिघडला होता. सर्व्हर रूममधल्या थर्मामीटरलाही हाच न्याय लावावा लागतो. बाहेर ४५ अंशांचं ऊन असताना एसी बंद पडला, तर एकाच सेन्सरच्या भरवशावर राहणं परवडत नाही.

याच्या उलटही घडतं: सर्व्हर ठीक दिसतो, पण मेल अडलेला असतो. १ जानेवारी २०२२ रोजी एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ वापरणाऱ्या जगभरच्या कंपन्यांत मेल तुंबले. व्हायरस तपासणाऱ्या इंजिनच्या अपडेटला तारखेवरून क्रमांक दिला जात होता. नव्या वर्षाचा क्रमांक झाला २२०१०१०००१, आणि प्रोग्रॅमने त्यासाठी ठेवलेल्या जागेत २१४७४८३६४७ पेक्षा मोठा आकडा मावत नव्हता. तपासणी अडली, तसे मेल रांगेत साचले. सर्व्हर मात्र चालूच होते.

यावरचा उपाय साधा आहे. दर काही मिनिटांनी एक चाचणी मेल बाहेरच्या मेलबॉक्सला पाठवायचा, तिथून उत्तर परत आणायचं आणि फेरीला लागलेला वेळ मोजायचा. वापरणाऱ्याच्या वाट्याला जे येतं, तेच या आकड्यात दिसतं. फक्त ही चाचणी घेणारा प्रोग्रॅम दुसऱ्या मशीनवर ठेवायचा आणि त्याचा अलर्ट एसएमएसने मागवायचा. मेल अडल्याची खबर मेलनेच मागवली, तर तीही त्याच रांगेत जाऊन बसेल.