बंब, स्टोव्ह आणि पोलादी हत्ती

आमच्या मराठवाड्यात पूर्वी बऱ्यापैकी खात्यापित्या घराच्या न्हाणीत एक बॉयलर असायचा. त्याला बॉयलर कुणी म्हणत नसे, तो बंब. तांब्याचं उभं पिंप, खाली विस्तवाची जाळी, पोटातून आरपार गेलेली नळी, वर धुराची चिमणी, बुडाशी पितळी तोटी आणि पाणी ओतायला बाजूला पसरट तोंड. खालून पऱ्हाट्या नाहीतर तुराट्या सारायच्या. जाळ मधल्या नळीतून वर चढायचा आणि जाता जाता भोवतीचं पाणी तापवायचा. पहाटेच्या अभ्यंगस्नानाला घरातला सगळ्यात कामाचा गडी तोच.

आता १८२९ सालचं जॉर्ज आणि रॉबर्ट स्टीफन्सन यांचं ‘रॉकेट’ इंजिन आठवा. त्याच्या बॉयलरमधून तांब्याच्या २५ नळ्या गेल्या होत्या. आगीचा ऊन वारा नळ्यांतून आणि पाणी बाहेरून. नळ्या जितक्या जास्त, तितकी आगीची पाण्याशी गाठ जास्त, म्हणून वाफ लवकर. आपल्या बंबात नळी एकच, आणि तोंड उघडं, म्हणून वाफेचा दाब साठत नाही. तेवढा फरक सोडला तर तत्त्व तेच. रशियातला समोवार हाही बंबाचा सख्खा चुलतभाऊ. म्हणून कुणी मला विचारलं की स्टीमपंक म्हणजे काय, तर मी आधी त्याला माझ्या पडवीतला बंब दाखवतो.

रीतसर सांगायचं तर असं, की वाफेच्या युगातल्या यंत्रांचं रूप, म्हणजे तांबं-पितळ, दट्टे, दाबाचे काटे, दातेरी चाकं, रिव्हेटच्या रांगा, हे सगळं उचलून कल्पनेतली यंत्रं रचायची, त्याला स्टीमपंक म्हणतात. के. डब्ल्यू. जीटर या अमेरिकी लेखकाने १९८७ मध्ये ‘लोकस’ मासिकाला लिहिलेल्या पत्रात हा शब्द अर्धा गमतीने वापरला. १९९० मध्ये गिब्सन आणि स्टर्लिंग यांची ‘द डिफरन्स इंजिन’ ही कादंबरी आली, मग सिनेमे, कपडे, दागिने आले. २००९ मध्ये ऑक्सफर्डच्या विज्ञान-इतिहास संग्रहालयाने या वस्तूंचं प्रदर्शनही भरवलं. घरातल्या मोडीतून दिवे, घड्याळं, पेनस्टँड, शोभेचे प्राणी करणारे हौशी लोक आता जगभर आहेत. झाला इतिहास.

मला त्यापेक्षा पोलादी हत्ती जवळचा वाटतो. ज्यूल व्हर्नने १८८० मध्ये ‘ला मेझाँ आ व्हापर’, म्हणजे वाफेचं घर, नावाची कादंबरी लिहिली. तिच्यात बँक्स नावाचा इंजिनियर भूतानच्या राजासाठी वाफेवर चालणारा हत्ती बनवतो. सोंडेतून धूर सोडत, चाकांवरचे दोन बंगले मागे ओढत हा हत्ती उत्तर हिंदुस्थानभर फिरतो. आणि कादंबरी सुरू कुठे होते? औरंगाबादेत! ६ मार्च १८६७ च्या संध्याकाळी नानासाहेब पेशव्यांना पकडून देणाऱ्याला बक्षिसाचा जाहीरनामा तिथल्या भिंतींवर लागलेला असतो. स्टीमपंकचे पूर्वज शोधायला निघालेल्यांनी हे पुस्तक हमखास काढावं असं आहे, आणि त्याचं पहिलं पान आमच्या मराठवाड्यात उघडतं. व्हर्न हिंदुस्थानात कधी आला नव्हता. नानासाहेबांना त्याने निव्वळ खलनायक केलंय, ते वाचताना रक्त उसळतं. पण याच व्हर्नने ‘मिस्टिरियस आयलंड’मध्ये कॅप्टन निमोला बुंदेलखंडचा राजपुत्र करून टाकलं, तेव्हा थोडी भरपाई झाली म्हणायची. आमच्या पिढीला व्हर्न मराठीत भेटला तो भा. रा. भागवतांमुळे. फास्टर फेणे लिहिणाऱ्या माणसानेच आम्हाला निमोही दिला, हे ऋण कमी मानू नका. व्हर्नच्या गावी, फ्रान्समधल्या नाँत शहरात, २००७ पासून लाकूड-पोलादाचा सुमारे १२ मीटर उंचीचा हत्ती खरोखरच लोकांना पाठीवर घेऊन फिरतो. तो बघायला जायचं राहिलंय.

तसं पाहिलं तर आपल्याकडेही पात्रं कमी नव्हती. लातूरच्या जुन्या माणसांना बार्शी लाइट आठवत असेल. अडीच फुटी रुळांची ही आगगाडी १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी धावू लागली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. ती बांधणारा एव्हरर्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनियर अजब वल्ली होता. अरबी घोडे पाळायचा, घोड्यांवर त्याने पुस्तक लिहिलं, आणि १९१० मध्ये त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉइसमधला रोल्स, विमान कोसळून गेल्यावर वैमानिकांसाठी ‘गार्डियन एंजल’ नावाचं पॅराशूट करायच्या मागे लागला. छोटी आगगाडी, घोडे आणि पॅराशूट! एखाद्या कादंबरीकाराने असं पात्र रचलं असतं तर संपादकाने जरा आवरा म्हणून सांगितलं असतं. नांदेडच्या बाजूला निजामाची मीटरगेज. तिची इंजिनं मुक्कामाला पूर्ण्याच्या शेडमध्ये. नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज आलं आणि शिट्टीचा आवाज बदलला. या साऱ्या गाड्यांचं खरं भंगार आता सामान्य माणसाच्या हाती लागत नाही. म्हणून घरातल्या वस्तूंकडे वळायचं.

मी राहतो विष्णुपुरीत. गोदावरीवरचा बांध, मागे शंकरसागर, तिथून पाणी उचलून देणारी मोठी उपसा सिंचन योजना, १९८१ पासूनचं गुरू गोविंदसिंघजी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि १९९४ पासूनचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. एवढ्याशा पंचक्रोशीत पंप, मोटारी आणि पोरं यांची दाटी. परीक्षा संपल्या की पोरं भाड्याच्या खोल्या सोडतात. टेबलफॅन, कूलरच्या मोटारी, किटल्या, मोडलेले स्टडी लॅम्प रस्त्यावर येतात. पण तांब्या-पितळेसाठी जुन्या नांदेडातच जावं लागतं. तिथल्या माझ्या भंगारवाल्या चाचांना आता माझी नजर कळते. मी एखाद्या डब्याकडे जास्त वेळ पाहिलं की ते म्हणतात, “सर, हे मोडीत नाही द्यायचं ना? ठेवतो बाजूला.” आणि भाव वाढवतात.

या छंदात माझा एकच हट्ट आहे. हल्ली पाकिटात तयार दातेरी चाकं मिळतात. माणसं ती टोपीवर, फोटोच्या चौकटीवर, मोबाइलच्या कव्हरावर चिकटवतात. कुठलंच चाक कुठल्या चाकात अडकत नाही, एक फिरवलं तर दुसरं हलत नाही. मला ते बघवत नाही. जो भाग लावायचा तो कधीतरी खरोखर कामाला आलेला असावा, आणि नव्या वस्तूतही त्याने काहीतरी काम करावं. हे सांभाळलं तर वस्तू खोटी दिसत नाही. चाकं एकही नसली तरी चालेल.

माझ्या बंबाचंच सांगतो. चिमणीच्या नळीत मंद नारिंगी एलईडीची पट्टी सोडली आहे. उजेड खालच्या जाळीतून बाहेर येतो, जळत्या निखाऱ्यांचा असतो तसा. तोटीच्या दांड्याला आतून जुन्या रेडिओचा फिरता स्विच जोडलाय. तोटी फिरवली की दिवा लागतो. घरी येणारी लहान मुलं तोटीखाली हात धरून पाण्याची वाट बघतात. बंब उजळवताना त्याच्या पाठीवर नागमोडी पिवळी रेघ दिसली. जुन्या तांबटांनी पत्र्याच्या दोन्ही कडांना दाते कापून ते एकमेकांत अडकवले आणि पितळेने झाळले, त्याची ती खूण. अंगावर ठोक्यांचे बारीक खळगे आहेत, ते मठारकाम. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत आजही हे ठोके ऐकू येतात. मठारल्याने पत्रा कडक होतो आणि उजेड हजार ठिकाणी फुटतो. नुसती शोभा नाही ती.

स्टोव्ह हा माझा दुसरा लाडका. १८९२ मध्ये स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने प्राइमस काढला आणि पुढची शंभर वर्षं आपल्या आया त्याला पंप मारत राहिल्या. त्याची गंमत अशी की टाकीतलं रॉकेल हवेच्या दाबाने तापलेल्या बर्नरच्या नळ्यांतून चढतं, तिथेच त्याची वाफ होते आणि निपलच्या सुईएवढ्या भोकातून ती फुसफुसत बाहेर पडते. कचरा अडकला की पिन मारायची. म्हणजे वाफ, दाब, पितळ, आवाज, सगळं एका वीतभर उंचीत. स्टोव्हचा दिवा करताना टाकीला भोक पाडायची गरज नसते. पंपाचा दांडा आणि तळाची झडप काढली की त्या वाटेने वायर आत जाते आणि बर्नरच्या जागी होल्डर बसतो. वर कंदिलाची काच, आत चार वॅटचा तारेसारखा दिसणारा एलईडी बल्ब. भोक पाडायचंच असेल तर टाकी आधी काठोकाठ पाण्याने भरा. वर्षानुवर्षं पडून असलेल्या टाकीतही रॉकेलचा वास शिल्लक असतो आणि ड्रिलची ठिणगी वयाचा विचार करत नाही.

मग येतो रंगाचा प्रश्न. पितळ दिसलं की आपला हात पितांबरीकडे जातो. चिंच-मिठाने घासून सगळं देवघरासारखं लखलखीत केलं, की यंत्राचा म्हातारपणा गेला. मी कडा आणि उंचवटे तेवढे उजळवतो, खोबणीतला काळेपणा राहू देतो. नवं तांबं जुनं दिसायला हवं असेल तर उकडलेलं गरम अंडं कुस्करून घट्ट झाकणाच्या डब्यात तांब्याशेजारी ठेवा. अंड्यातल्या गंधकाच्या वायूने तांबं काही तासांत तपकिरी-काळं पडतं. हिरवट कळा हवी असेल तर व्हिनेगर-मिठाचा हात फिरवून वस्तू अमोनियाच्या वाफेवर बंद डब्यात ठेवायची. खिडकी उघडी ठेवून. घरात अंडं चालत नसेल तर गंधकाची पूड वापरता येते. धातू मुद्दाम काळा करण्याची कला आमच्या शेजारीच आहे. उदगीर ओलांडलं की बीदर. तिथले बिदरी कारागीर जस्तात थोडं तांबं मिसळून भांडं ओततात, त्यात चांदी ठोकून बसवतात आणि बीदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर यांच्या काढ्यात ते घासतात. जस्त काळंभोर होतं, चांदी तशीच पांढरी राहते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की काळ्या रंगाचा स्प्रे हातात घ्यायची इच्छा होत नाही.

आकार शिकायचे तर पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने हा संग्रह उभा केला आणि पुढे सरकारला देऊन टाकला. लोक तिथे मस्तानी महाल बघायला धावतात. मी अडकित्त्यांच्या आणि कुलपांच्या कपाटांपुढे उभा राहतो. सुपारी कातरायच्या दोन पात्यांना कुणी पोपट केलंय, कुणी घोडा; आणि प्रत्येकात बिजागरी नेमकी जिथे हवी तिथेच. कामाची वस्तू शोभेची कशी करायची याचं उत्तर त्या कपाटांत आहे.

हलत्या वस्तू मात्र आपण गणपतीच्या मांडवात शिकलो. पुण्यात डी. एस. खटावकरांसारख्या कलावंतांनी देखाव्यांचा दर्जा फार वर नेला, पण गावोगावच्या मंडळांतही सायकलची रिम, चेन आणि एक बाजूला सरकवलेला आस एवढ्यावर अफझलखान कोसळत आला आहे. आस मध्यावर नसला की गोल फिरणं वरखाली होतं, बस्स. त्यासाठी मोटारीच्या वायपरची मोटर उत्तम. बारा व्होल्ट, आतच वर्म गिअर, त्यामुळे मिनिटाला पन्नास-साठ फेरे आणि जोर भरपूर. विजेचा धक्का बसायची भीतीही नाही.

भीती दुसऱ्याच वस्तूंची बाळगायला हवी. पेट्रोमॅक्सच्या जुन्या मेंटलमध्ये थोरियम असे आणि तो किरणोत्सारी. त्याची पूड नाकात जाऊ देऊ नका. अंधारात चमकणाऱ्या फार जुन्या घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा लेप असू शकतो, ती उघडू किंवा खरवडू नये. जुन्या रंगांत आणि झाळीत शिसं असतं, म्हणून काम झालं की हात साबणाने धुवायचे आणि स्वयंपाकघरातलं भांडं एकदा या कामाला घेतलं की परत चुलीवर न्यायचं नाही. आमच्या घरात यावर एकदा वादही झाला. “अहो, ती परात माझ्या माहेरची आहे,” असं ऐकल्यावर मी ती धुऊन जागेवर ठेवली. ती अजून जागेवरच आहे.

सध्या टेबलावर आमचा स्वतःचा पोलादी हत्ती आहे. धड स्टोव्हच्या टाक्यांचं, पाय शिलाई मशीनच्या लोखंडी स्टँडचे, सोंड न्हाणीतल्या शॉवरच्या लवचिक नळीची. सोंड वायपरच्या मोटारीवर छान डुलते. कान अडले आहेत. पितळी ताटल्या लावल्या तर वजनाने बिजागरी बसते, पत्र्याचे केले तर खडखडतात. चाचांनी परवा कुठल्याशा टेबलफॅनची पाती काढून दिली. पातळ आहेत, वाकही हत्तीच्या कानासारखा आहे, पण निळ्या रंगाची आहेत आणि प्लास्टिकची. मी नको म्हटलं. चाचा म्हणाले, “सर, हत्तीला विचारा, त्याला चालेल.”