विझलेल्या चुलीची धग

वाचकहो, चूल विझल्यावर काय होते, ते घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईला विचारा. जाळ जातो, निखारे काळे पडतात, पण राखेवर हात धरला तर बराच वेळ धग लागते. डोळ्याला जे दिसत नाही ते तळहाताला कळते. आकाशात अशीच एक विझत चाललेली चूल आहे, आणि तिची धग ओळखणारा तळहात आपल्या पुणे जिल्ह्यात आहे.

या चुलीचे नाव जे ०२१६५९-०४४९२०. नाव कसले, तो आकाशातला पत्ता आहे. घराला जसा गल्ली आणि घर नंबर असतो, तसे हे आकडे ती नेमकी कुठे आहे ते सांगतात. ही एक दीर्घिका आहे, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह. ती सुमारे ९०० कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. एक प्रकाशवर्ष म्हणजे साधारण साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. तिच्या ज्या लहरी आज आपल्यापर्यंत पोहोचतात, त्या निघाल्या तेव्हा आपली पृथ्वी नव्हती, सूर्यही नव्हता.

हा पत्ता तिमिंगल तारकासमूहात येतो. डिसेंबरमध्ये इशाच्या नमाजनंतर, रात्री नऊच्या सुमारास गच्चीवर जा. दक्षिणेला बऱ्याच उंचावर हा समूह असतो. त्यातल्या ताऱ्यांची नावे ऐकली तर ओळखीची वाटतील. ‘मेनकर’ हे अरबीतल्या नाकपुडीसाठीच्या शब्दावरून आले, तर ‘देनेब कैतोस’ म्हणजे तिमिंगलाची शेपटी. इस्फहानचे अब्दुर्रहमान अस-सूफी यांनी इ. स. ९६४ च्या सुमारास ताऱ्यांवरचा आपला ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यात देवयानी समूहातल्या एका ‘लहानशा ढगा’ची नोंद केली. तो ढग म्हणजे २५ लाख प्रकाशवर्षे दूर असलेली दुसरी दीर्घिका आहे, हे कळायला पुढे जवळजवळ हजार वर्षे लागली. दुर्बीण नसताना केवळ नीट पाहून केलेली ती नोंद होती.

आपली विझती चूल मात्र नुसत्या डोळ्यांनी दिसणारी नाही. ती कळली रेडिओ लहरींमुळे. नारायणगावजवळच्या खोडद येथे ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’ आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने तो उभा राहिला. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांतल्या १४ मध्यभागी जवळजवळ, तर १६ तीन दिशांना सुमारे २५ किलोमीटरपर्यंत शेतांमधून पसरलेल्या. तबकड्या भरीव पत्र्याच्या नाहीत. बारीक तारेची जाळी ताणून त्या बनवल्या आहेत. वारा जाळीतून निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्चही आटोक्यात राहिला. लांब लहरींना जाळीची छिद्रे जाणवत नाहीत. त्यांच्यासाठी ती जाळी म्हणजे आरसाच.

या दुर्बिणीच्या साहाय्याने लागलेला हा शोध जानेवारी २०१६ मध्ये जाहीर झाला. शोधनिबंधाचे पहिले लेखक प्रथमेश ताम्हणे यांनी पुण्यात विद्यार्थी असताना, पदव्युत्तर प्रबंधासाठी हे काम केले होते.

त्यांना काय आढळले? काही दीर्घिकांच्या मध्यभागी महाकाय कृष्णविवर असते. त्यात पडणाऱ्या पदार्थापैकी काही भाग दोन विरुद्ध दिशांना प्रचंड वेगाने फेकला जातो. हे झोत दूरवर जाऊन दोन मोठे फुगे तयार करतात. फुग्यांतले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरताना रेडिओ लहरी सोडतात. या दीर्घिकेच्या फुग्यांचा पसारा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे ४० लाख प्रकाशवर्षे आहे. अस-सूफींचा तो ‘ढग’ आपल्यापासून जितका दूर आहे, त्याहूनही हे अंतर जास्त. तरीही आकाशात हा सगळा पसारा पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या साधारण तेराव्या भागात मावतो.

फुगे सापडले, पण मध्यभागी चालू असलेला झोत दिसला नाही. चुलीत लाकूड सारणारे कोणी उरलेच नव्हते. नवे इंधन मिळाले नाही की इलेक्ट्रॉनांची शक्ती ओसरू लागते. आखूड लहरी लवकर क्षीण होतात, लांब लहरी मागे रेंगाळतात. म्हणूनच सुमारे ९२ सेंटीमीटर लांबीच्या लहरींवर हे फुगे चांगले दिसले, पण त्याहून आखूड लहरींवर झपाट्याने मंद होत गेले. या हिशेबावरून शास्त्रज्ञांनी ही उरलेली धग सुमारे ८० लाख वर्षांची असल्याचे काढले.

आणखी एक गोष्ट. विश्वाच्या आरंभीच्या उष्णतेचा मंद अवशेष आजही सर्वत्र भरून आहे. त्या काळी तो आजच्यापेक्षा सुमारे तीस पट प्रखर होता. त्याचे प्रकाशकण फुग्यांतल्या इलेक्ट्रॉनांवर आदळले की इलेक्ट्रॉन आपली शक्ती त्यांना देऊन टाकतात, आणि ते प्रकाशकण क्ष-किरण होऊन बाहेर पडतात. युरोपच्या ‘एक्सएमएम-न्यूटन’ उपग्रहाला साधारण त्याच जागी क्ष-किरण आढळले. रेडिओत विझत चाललेली चूल क्ष-किरणांत अजून उजळ होती. आकाराने एवढ्या मोठ्या, इतक्या दूरच्या आणि अशा विझत्या दीर्घिका फार थोड्या सापडल्या आहेत. विझणाऱ्या गोष्टी शोधायच्या तर आजूबाजूला शांतता लागते. एक साधा मोबाईलसुद्धा दुर्बिणीजवळ या क्षीण लहरींना झाकून टाकू शकतो.

आपल्या घरातली मुले डॉक्टर, इंजिनिअर व्हायची स्वप्ने पाहतात. त्यांना हेही दिसू द्या, की मराठी घरातला एखादा विद्यार्थी पुण्यात बसून ९०० कोटी प्रकाशवर्षांपलीकडची धग ओळखू शकतो. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास खोडदची दुर्बीण लोकांना पाहण्यासाठी खुली होत असते. तारखांची चौकशी करून मुलामुलींना घेऊन जाऊ या. फक्त आत शिरताना मोबाईल बंद करू या. तिथे कोणीतरी फार दुरून येणारे, फार हळू बोलणे ऐकत असते.