फलाट टाकला म्हणजे स्टेशन झालं?

"रूळ कॉलेजच्या मागूनच जातात ना? मग एक फलाट टाकायला रेल्वेचं काय जातं?" पालघर-बोईसर पट्ट्यात हा प्रश्न कुठेही कानावर पडतो. डहाणू लोकलच्या डब्यात, कॉलेजच्या कट्ट्यावर, निवडणूक जवळ आली की मंडप घातलेल्या सभेत. विचारणाऱ्याचा सूर असा, की विटा, सिमेंट आणि नावाची पिवळी पाटी एवढंच आणायचं बाकी आहे आणि रेल्वे केवळ आडमुठेपणाने ते आणत नाही.

मागणी खोटी नाही, हे आधीच सांगून टाकतो. चर्चगेट ते विरार या 60 किलोमीटरमध्ये 29 स्थानकं आहेत. विरार ते डहाणू रोड हे अंतर साधारण 64 किलोमीटर, आणि दोन्ही टोकं धरून स्थानकं फक्त नऊ: विरार, वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव, डहाणू रोड. तिकडे सरासरी दोन किलोमीटरवर स्टेशन, इकडे आठ किलोमीटरवर. मनोर रस्त्यावरच्या किंवा चिल्हार रस्त्यावरच्या इंजिनीअरिंग कॉलेजात जाणारी पोरं पालघरला नाहीतर बोईसरला उतरतात आणि पुढे शेअर रिक्षा, कॉलेजची बस किंवा एसटी शोधतात. त्यांनी जवळ स्टेशन मागितलं तर त्यात गैर काही नाही. गैर आहे ते "एक फलाट टाका" हे उत्तर.

आता त्या एका फलाटाकडेच बघू. बारा डब्यांच्या लोकलला साधारण अडीचशे मीटर लांबीचा फलाट लागतो, पंधरा डब्यांच्या लोकलला तीनशे मीटरच्या वर. एवढा रूळ शक्यतो सरळ हवा, कारण वळणावर डब्याचं दार आणि फलाट यांच्यात फट पडते. तो जवळजवळ सपाटही हवा. रेल्वेचं 'शेड्यूल ऑफ डायमेन्शन्स' नावाचं नियमपुस्तक आहे. त्यात स्थानकाच्या आवारातला चढ 1200 मीटरला एक मीटर असावा अशी शिफारस आहे, आणि 400 मीटरला एक मीटरपेक्षा तीव्र चढ विशेष मंजुरीशिवाय चालत नाही. उभे डबे घरंगळू नयेत, हे त्यामागचं साधं कारण. नुसत्या हॉल्टला यात काही सूट मिळू शकते. कॉलेजमागचा रूळ भरावावर असेल तर फलाटही भरावावर चढवावा लागतो, म्हणजे आणखी जमीन आणि आणखी माती. पण हे सगळं पैशाने सुटणारं आहे. खरी अडचण फलाटाची नाही, वेळेची आहे.

ताशी 90 किलोमीटरने धावणारी लोकल थांबवायची, अर्धा मिनिट उभी करायची आणि पुन्हा त्याच वेगाला न्यायची, तर न थांबता जाण्यापेक्षा ढोबळ हिशेबाने सव्वा ते दीड मिनिट जास्त जातं. दीड मिनिटाने काय होतं, असं वाटेल. असे सात नवे थांबे दिले तर दहा मिनिटं गेली. तरीही ती दहा मिनिटं फक्त त्या लोकलमध्ये बसलेल्यांची गेली असती तर भांडण मिटलं असतं.

तसं होत नाही, कारण या पट्ट्यात पिढ्यानपिढ्या रूळ दोनच: एक जायचा, एक यायचा. मुंबई-दिल्लीचा हा मुख्य मार्ग. त्याच दोन रुळांवरून राजधानी जाते, 30 सप्टेंबर 2022 रोजी सुरू झालेली मुंबई-गांधीनगर वंदे भारत जाते, गुजरातच्या मेल-एक्स्प्रेस जातात, मालगाड्या जातात आणि मधूनच आपली डहाणू लोकल. विरारहून डहाणूला लोकल साधारण सव्वा तास घेते. ताशी शंभरच्या सरासरीने न थांबता जाणारी गाडी तेच अंतर चाळीस मिनिटांच्या आत कापते. म्हणजे लोकल विरारहून सुटल्यावर पंधरा मिनिटांनी अशी गाडी मागून निघाली, तर ती केळवे रोड आणि पालघरच्या मध्ये कुठेतरी लोकलला गाठणार. रुळावर ओव्हरटेक नसतं. मग एकतर फास्ट गाडी लोकलच्या मागे रखडते, नाहीतर लोकल एखाद्या स्थानकात बाजूच्या रुळावर काढून उभी करतात. "आज पुन्हा साइडिंगला टाकली" हे वाक्य या मार्गावरच्या पासधारकाला समजावून सांगावं लागत नाही. त्याला समजावून सांगावं लागतं ते एवढंच, की तो शिव्या घालतो त्या स्टेशनमास्तरने हे गणित बनवलेलं नाही. आणि प्रत्येक नवा थांबा लोकलला आणखी हळू करतो, म्हणजे तिला बाजूला काढायची वेळ आणखी वाढवतो.

यावर हमखास येणारा प्रतिवाद असा: "आमच्या मामाच्या गावाला नुसता हॉल्ट आहे. सिग्नल नाही, स्टेशनमास्तर नाही, तिकीटसुद्धा एजंट देतो. मग इथे का नाही?" मुद्दा बरोबर आहे. हॉल्ट स्वस्त असतो आणि देशभर असे हॉल्ट आहेत. पण मामाच्या गावच्या फाट्यावरून दिवसाकाठी मोजक्या गाड्या जातात. तिथे पॅसेंजर दोन मिनिटं उभी राहिली तर मागे कोणी खोळंबत नाही. इथे खोळंबतं. हॉल्टचा खर्च बांधकामात मोजायचा नसतो, तो वेळापत्रकात मोजायचा असतो. ही एवढी गोष्ट निवेदन लिहिणाऱ्यांच्या गळी उतरत नाही, आणि उतरली तरी भाषणात ती सोयीची नसते.

मग उपाय काय? रूळ वाढवणं. डिसेंबर 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या एमयूटीपी-3 मध्ये, म्हणजे मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात, विरार-डहाणू रोड चौपदरीकरण आहे. मुंबई रेल्वे विकास महामंडळाकडे असलेलं हे काम साडेतीन हजार कोटींहून मोठं आहे. लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांना वेगळी जोडी मिळाली, की नव्या थांब्याचं दीड मिनिट राजधानीच्या माथी बसत नाही. म्हणूनच नव्या स्थानकांच्या प्रस्तावित यादीतली वाढीव, सरतोडी, माकुणसार, पांचाळी ही नावं या प्रकल्पाच्या संदर्भात येतात. उपनगरी लोकल डहाणूपर्यंत आली ती 16 एप्रिल 2013 ला. तेव्हाच हे रूळ हाताशी असते तर आजचं अर्धं रडगाणं उरलं नसतं, पण तो विषय वेगळा.

वाढीवचं नाव आलंच आहे तर थोडं थांबतो. वैतरणा खाडीने वेढलेलं हे गाव. रेल्वे गावावरून जाते, स्टेशन नाही. वाढीव-वैतीपाड्याची माणसं वर्षानुवर्षं रेल्वेपुलावरून चालत वैतरणा नाहीतर सफाळे गाठत आली आहेत, आणि त्या पुलांवर गाडीखाली सापडून माणसं गेलेली आहेत. नवं स्थानक मंजूर करताना रेल्वे प्रवासी किती आणि उत्पन्न किती, हे पाहते. त्या तराजूत एक लहानसं बेट नेहमीच हलकं भरणार आणि चार कॉलेजं असलेला पट्टा जड. दोन्हीकडे मागणी एकच, पण एकीकडे वीस मिनिटं वाचवायचा प्रश्न आहे आणि दुसरीकडे जीव वाचवायचा. माझं मत विचाराल तर रांगेत वाढीव पुढे.

पुढचा समज जरा सौम्य आहे: स्टेशन कॉलेजच्या आवारात, थेट गेटाच्या आत असलं की सगळ्यात सोयीचं. नाही. आवाराला कुंपण असतं, पहारा असतो, रात्री फाटक बंद होतं. स्टेशनला यातलं काहीच परवडत नाही. दिल्ली मेट्रोचं 'विश्वविद्यालय' स्थानक डिसेंबर 2004 मध्ये सुरू झालं. ते विद्यापीठाच्या नावाचं असलं तरी सार्वजनिक रस्त्यालगत आहे, त्यामुळे आसपासच्या वस्तीलाही तेवढंच कामाला येतं. शिवाय विद्यार्थी हा वर्षभराचा प्रवासी नव्हे. मे महिन्यात आणि दिवाळीत कॉलेज ओस पडतं, आणि फक्त त्याच्या भरवशावर उभं केलेलं स्टेशनही. बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीतले पाळीचे कामगार आणि आसपासच्या पाड्यांवरचे लोक ज्याला सहज पोहोचतील, असं ठिकाण निवडलं तर गाडी दोन्ही दिशांना भरते आणि मंजुरीच्या कागदावरचा आकडाही भरतो.

कॉलेजच्या गर्दीचा आणखी एक गुण आराखडा काढणारे विसरतात: ती एकदम येते. समजा, एका लोकलमधून 600 विद्यार्थी उतरले. जिन्याच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला साधारण 30 माणसं सुरळीत चढतात. तीन मीटरच्या जिन्याला ही गर्दी रिकामी करायला सात मिनिटांच्या आसपास लागतील, दोन मीटरच्या जिन्याला दहा. तेवढ्यात समोरून दुसरी गाडी आली तर काय होतं, ते 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर दिसलं. 23 माणसं गेली. त्यामुळे "आधी फलाट द्या, पूल नंतर बघू" म्हणणाऱ्या पुढाऱ्याला तिथल्या तिथे अडवावं.

"इच्छाशक्ती असली की सहा महिन्यांत स्टेशन होतं" हेही अर्धसत्य. जोगेश्वरी आणि गोरेगाव यांच्यामधलं राम मंदिर स्थानक वर्षानुवर्षं रखडून 22 डिसेंबर 2016 ला उघडलं, तेही गर्दीच्या ऐन मुंबईत. उलट ठाणे-वाशी मार्गावरचं दिघा गाव स्थानक बांधून तयार होतं आणि लोक बाहेरून बघत होते. ते 12 जानेवारी 2024 ला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाल्यावरच खुलं झालं. राजकारण स्टेशन लवकर बांधू शकतं की नाही, यावर वाद घालता येईल. बांधलेलं स्टेशन ते बंद ठेवू शकतं, हे मात्र आपण पाहिलं आहे.

स्टेशन झालं की एसटी आणि रिक्षाची गरज संपेल, हा समज तर पालघरकरांना शोभतच नाही. 1 ऑगस्ट 2014 ला जिल्हा झाला, 2021 मध्ये बोईसर रस्त्यावर कोळगावला देखणं मुख्यालय उभं राहिलं. पालघर स्टेशनवर उतरून तिथे दाखल्यासाठी जाणाऱ्या माणसाला विचारा, इमारत महत्त्वाची की तिच्या दारात जाणारी बस. नव्या स्टेशनच्या आराखड्यात बसचा थांबा, रिक्षांची रांग, सायकलींची जागा आणि 12 मीटरला एक मीटर चढाचा रस्ता पहिल्याच कागदावर हवा. तो रस्ता व्हीलचेअरसाठी असतो, आणि डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईसाठीही.

उरलेले दोन समज झटपट. जिल्ह्यातून जाणारा मालवाहतुकीचा समर्पित मार्ग, म्हणजे न्हावाशेवा ते दादरी हा सुमारे दीड हजार किलोमीटरचा मार्ग, फक्त मालगाड्यांसाठी आहे. कॉलेजजवळून तो गेला तरी त्यावर लोकल थांबणार नाही. त्याचा आपल्याला फायदा एवढाच, की मालगाड्या तिकडे वळल्या तर जुन्या रुळांवर थोडा श्वास मिळेल.

आणि बुलेट ट्रेन आजच्या बोईसर स्टेशनात येणार नाही. तिचे रूळ 1435 मिलिमीटर रुंदीचे, आपले 1676 चे. एकाच फलाटाला दोन्ही लावण्याचा प्रश्नच नाही. तिचं बोईसर स्थानक पूर्वेला बेटेगाव परिसरात आहे, चिल्हार रस्त्याच्या बाजूला, जिथे इंजिनीअरिंग कॉलेजही आहे. म्हणजे ताशी 320 किलोमीटरची गाडी कॉलेजच्या परिसरात थांबेल, आणि त्याच कॉलेजचा वाणगावहून येणारा विद्यार्थी बोईसरला लोकलमधून उतरून शेअर रिक्षा भरायची वाट बघत असेल.