मूठभर तांदळाचा करार

आमच्या चाळीत एकदा चोऱ्यांचा सुळसुळाट झाला. बिऱ्हाडकरूंनी पाळीपाळीने गस्त घालायचे ठरवले. पहिल्या रात्री पंधराजण काठ्या घेऊन हजर! आठवड्याभरात कोणाची कंबर धरली, कोणाकडे पाहुणे आले. तळमजल्यावरचे तेवढे जागत राहिले, कारण चोर आधी त्यांच्याच दारात येणार. आम्ही तिसऱ्या मजल्यावरचे! आम्हांला झोप छान लागे. सांगायला संकोच वाटतो, पण अकिरा कुरोसावाचा ‘सेव्हन सामुराई’ पाहताना मला ती गस्तच आठवली.

१९५४ सालचा हा जपानी चित्रपट जवळजवळ साडेतीन तासांचा आहे. काळ सोळाव्या शतकातल्या यादवीचा. पीक हाती आले की चाळीस दरोडेखोर गावावर येणार, आणि दाद मागायला कोणी नाही. इंग्लंडातली यादवी पाहिलेल्या टॉमस हॉब्जने १६५१ साली ‘लेव्हायथन’ लिहिला, तो अशाच अवस्थेविषयी. जिवाच्या भयाने माणसे आपले स्वातंत्र्य एका सत्तेच्या हवाली करतात, हा त्याचा सिद्धांत. पण या गावाला सत्ता विकत आणायची आहे, आणि खिशात दमडी नाही! तेव्हा गावचा म्हातारा सल्ला देतो : भुकेले सामुराई शोधा. मग करार ठरतो. लढणाऱ्यांना भात, पिकवणाऱ्यांनी भरड धान्यावर भागवायचे.

करार झाला म्हणून विश्वास थोडाच बसतो? रक्षणकर्ते येण्याआधीच मांझो नावाचा शेतकरी आपल्या तरुण मुलीचे केस कापून तिला मुलगा बनवतो. पुढे गावात लपवलेली चिलखते सापडतात. हरून पळणाऱ्या सामुराईंना मारून शेतकऱ्यांनी लुटलेली! सामुराई संतापतात. तेव्हा किकुचियो, जो स्वतः शेतकऱ्याचा पोर आहे, उसळून म्हणतो की शेतकरी लबाड, कंजूष, खुनी आहेत खरे. पण त्यांना तसे केले कोणी? तुम्हीच! माणूस मुळात बरा, समाजाने बिघडवलेला, असे मानणाऱ्या रूसोने इथे मान डोलावली असती. मला स्वतःला दोघांचेही थोडेथोडे पटते.

खरी कसोटी पुढे आहे. पुलापलीकडची तीन घरे वाचवता येणार नाहीत, असे ठरते. त्या घरांतली माणसे भाले टाकून निघतात. आमचेच घर जाणार, तर आम्ही दुसऱ्यांसाठी का मरावे? आमच्या तळमजल्याने हा प्रश्न विचारला नाही, हे आमचे नशीब. शांत, वयस्क कांबेई तलवार उपसतो आणि त्यांना रांगेत परत हाकलतो. तीन घरांसाठी वीस घरे धोक्यात घालता येत नाहीत. पटते, तरी ज्यांचा भात खाल्ला त्यांच्यावरच उगारलेली ती तलवार पाहून पोटात गोळा येतो. पुढे ती तिन्ही घरे जळतातच.

आपल्या ‘शोले’ने १९७५ साली ही कल्पना घेतली, पण तिथे करार ठाकूरचा एकट्याचा, रोख पैशांचा आणि सुडासाठी. गावाला कोणी विचारलेच नाही.

दरोडेखोर संपतात. टेकडीवर चार सामुराईंच्या समाध्या. चौघेही बंदुकीच्या गोळीने गेलेले. खाली भातलावणी चालू आहे, ढोल वाजतो आहे. केस कापलेली ती मुलगी, जिच्यावर सर्वांत तरुण सामुराईचा जीव जडला होता, त्याच्यासमोर क्षणभर थबकते आणि रोपे घेऊन शेतात उतरते. गावातले कोणी टेकडीकडे पाहत नाही.