अपघाताचा सराव, जमिनीवर

गोंदिया जिल्ह्यातील कुडव्याजवळच्या बिरसी विमानतळावर राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था वैमानिक घडवते. भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांचा हा संयुक्त उपक्रम. सीएईची जगभरची ओळख सिम्युलेटरसाठी, म्हणजे जमिनीवरच उड्डाणाचा सराव देणाऱ्या यंत्रासाठी.

हे यंत्र तसे जुने. अमेरिकेत एडविन लिंक यांनी वडिलांच्या ऑर्गन कारखान्यातले भाते वापरून १९२९ मध्ये ते बनवले.

सुरक्षेचा खरा धडा मात्र १९७७ नंतरचा. त्या वर्षी टेनेरिफ बेटावर धावपट्टीवरच दोन जम्बो विमाने धडकली आणि ५८३ जण दगावले. पुढचे विमान धावपट्टीवरून हटले का, ही शंका फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. कॅप्टनने ती झटकली. तेव्हापासून सिम्युलेटरमध्ये हात चालवण्याइतकेच बोलणेही शिकवले जाऊ लागले: कनिष्ठाने वेळेत हटकायचे, वरिष्ठाने थांबून ऐकायचे. सरावानंतरची चर्चा तर सरावाहूनही मोलाची, कारण चूक कुठे सुरू झाली ते तिथेच उमगते.

हे बोलणे-ऐकणे केवळ वैमानिकांपुरते नाही. कुडव्यातच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या नव्या इमारतीचे भूमिपूजन २०२४ मध्ये झाले. शस्त्रक्रियागृहातही हीच शिस्त लागते. तिथल्या विद्यार्थ्यांना असा सराव पहिल्या वर्षापासून मिळायला हवा.