विषाणुरोधी वनस्पतिज द्रव्ये

वनस्पतींपासून मिळणाऱ्या व विषाणूंच्या (व्हायरसांच्या) वाढीस प्रतिबंध करणाऱ्या रासायनिक द्रव्यांना ही संज्ञा लावतात. अल्कलॉइडे, फ्लॅव्होनॉइडे, टर्पिने, कूमरिने, लिग्नाने इ. अनेक वर्गांतील संयुगांत हा गुणधर्म आढळला आहे. तथापि वनस्पतीच्या अर्काने प्रयोगशाळेतील काचपात्रात विषाणूची वाढ थांबणे आणि त्या वनस्पतीपासून रुग्णास देण्याजोगे औषध मिळणे, या दोहोंत मोठे अंतर असते. ते ओलांडताना बहुसंख्य द्रव्ये का मागे पडतात, हे सह्याद्रीतील नरक्या या वृक्षाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

विषाणू व कोशिका : सूक्ष्मजंतूंना स्वतःचा चयापचय (शरीरात सतत होणाऱ्या रासायनिक घडामोडी) असतो. त्यातील एखादी प्रक्रिया बंद पाडून पेनिसिलिनासारखी प्रतिजैव द्रव्ये त्यांचा नाश करतात. विषाणूला असा स्वतंत्र चयापचय नसतो. न्यूक्लिइक अम्ल व त्याभोवतीचे प्रथिनाचे आवरण एवढीच त्याची मुख्य रचना असून वाढीसाठी तो आश्रय कोशिकेची (पेशीची) यंत्रणा वापरतो. त्यामुळे विषाणूला रोखणारे द्रव्य पुष्कळदा कोशिकेलाही अपाय करते. कोशिकेस धक्का न लावता केवळ विषाणूच्या एखाद्या खास एंझाइमावर किंवा आवरणावर परिणाम करणारे द्रव्य शोधणे, हा या संशोधनाचा गाभा आहे.

शोधाची पद्धती : कोणत्या वनस्पती तपासावयाच्या हे पारंपरिक वैद्यकातील उपयोग, वनस्पतींचे कुलसंबंध किंवा सरसकट पाहणी यांवरून ठरवितात. नमुना गोळा करताना जाती, भाग, ऋतू व स्थळ यांची नोंद आवश्यक असते. पुणे जिल्ह्यातील मुळशी या एकाच तालुक्यात पूर्वेस मारुंजीच्या बाजूचा कमी पावसाचा प्रदेश व पश्चिमेस ताम्हिणी घाटाचा अतिवृष्टीचा प्रदेश येतो; अशा भिन्न परिस्थितींत वाढलेल्या एकाच जातीच्या झाडांत द्रव्याचे प्रमाण वेगळे असू शकते. नमुन्याची ओळख पुढे पडताळता यावी म्हणून त्याची वाळविलेली प्रत वनस्पतिसंग्रहालयात ठेवतात. भारतीय वनस्पति सर्वेक्षण संस्थेची पश्चिम विभागीय शाखा पुणे येथे १९५५ पासून आहे.

वाळविलेल्या भागाचा पाणी, अल्कोहॉल इ. विद्रावकांत अर्क काढतात. माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढविलेल्या कोशिकांसारखी संवर्धने विषाणूने संक्रामित करून त्यांत हा अर्क निरनिराळ्या प्रमाणांत घालतात व किती कोशिका वाचल्या हे मोजतात. त्याच वेळी संक्रामित न केलेल्या कोशिकांवर अर्काचा विषारी परिणाम किती होतो हेही पाहतात. निम्म्या कोशिकांस मारक ठरणारे प्रमाण भागिले विषाणूची वाढ निम्म्यावर आणणारे प्रमाण, या गुणोत्तरास निवडकता गुणांक म्हणतात. उदा., मारक प्रमाण दर मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅम व परिणामकारक प्रमाण १० मायक्रोग्रॅम असल्यास गुणांक केवळ २ येतो आणि असे द्रव्य निरुपयोगी ठरते. १०० व १ ही प्रमाणे असल्यास गुणांक १०० येतो व पुढील अभ्यास सार्थ ठरतो. परिणामकारक अर्काचे अंश वेगळे करीत व प्रत्येक अंश पुन्हा तपासत अखेर शुद्ध संयुगापर्यंत पोहोचतात. हिरडा, बाभूळ इत्यादींत विपुल असणारी टॅनिने कोणत्याही प्रथिनास चिकटत असल्याने ती परीक्षेत परिणामकारक भासतात. परंतु तो परिणाम शरीरात टिकेलच असे नसते. म्हणून त्यांस आधीच वगळावे लागते.

भारतातील अशी विस्तृत पाहणी लखनौ येथील सेंट्रल ड्रग रिसर्च इन्स्टिट्यूटने हाती घेतली. तिचा २८५ वनस्पतींविषयीचा पहिला अहवाल १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रात विषाणूंच्या अभ्यासाचे प्रमुख केंद्र पुणे येथे १९५२ मध्ये व्हायरस रिसर्च सेंटर या नावाने स्थापन झाले. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते.

नरक्या व कँप्टोथेसिन : नरक्या (नोथापोडायटिस निम्मोनियाना, पूर्वीचे नाव मॅपिया फीटिडा) हा पश्चिम घाटात आढळणारा लहान वृक्ष असून त्याच्या फुलांस दुर्गंध येतो. मन्रो वॉल व मूळचे नंदुरबारचे मनसुखलाल वाणी यांनी १९६६ मध्ये अमेरिकेत एका चिनी वृक्षापासून कँप्टोथेसिन हे अल्कलॉइड मिळविले. १९७२ मध्ये मुंबईतील गोरेगाव येथील सिबा संशोधन केंद्रातील टी. आर. गोविंदाचारी व एन. विश्वनाथन यांनी तेच अल्कलॉइड नरक्यापासून वेगळे केले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनात कँप्टोथेसिनाने नागीण व देवी यांच्या गटांतील विषाणूंची वाढ रोखली जाते असे दिसून आले. या विषाणूंत डीएनए (डीऑक्सिरिबोन्यूक्लिइक अम्ल) असते. पोलिओच्या विषाणूत आरएनए (रिबोन्यूक्लिइक अम्ल) असून त्याच्यावर मात्र परिणाम झाला नाही.

याचे कारण १९८५ मध्ये उलगडले. डीएनएच्या सर्पिलास पडणारा पीळ सैल करण्यासाठी टोपोआयसोमरेज-१ हे एंझाइम त्याचा एक धागा तोडते व पुन्हा सांधते. कँप्टोथेसिन हे एंझाइम तुटलेल्या धाग्यावरच अडकवून ठेवते. परंतु हे एंझाइम विषाणूचे नसून कोशिकेचे आहे. विषाणूची वाढ थांबते ती कोशिकेचे कार्य बिघडल्यामुळे. १९७० नंतरच्या काळात कर्करुग्णांवर केलेल्या पहिल्या परीक्षणांत मूत्राशयाचा रक्तस्रावी दाह झाल्याने ती थांबवावी लागली. पुढे त्याच्या संरचनेत बदल करून तयार केलेली टोपोटेकन व इरिनोटेकन ही औषधे १९९६ मध्ये अमेरिकेत मान्य झाली, पण ती कर्करोगावर. विषाणुजन्य रोगावर नव्हे. जीवघेण्या कर्करोगात पत्करता येणारी विषाक्तता सामान्य विषाणुजन्य तापात पत्करता येत नाही.

अन्य वनस्पती : हिमालयातील वनककडीपासून मिळणारे पोडोफायलोटॉक्सिन विषाणुजन्य जननेंद्रियी चामखिळींवर केवळ बाहेरून लावतात, तेही कोशिका-विभाजन थांबविणारेच आहे. चक्रफुलातील (बादियानातील) शिकिमिक अम्ल स्वतः औषध नाही, पण त्यापासून इन्फ्ल्यूएंझावरील ओसेल्टामिव्हिर हे औषध तयार करता येते. कोकणच्या किनाऱ्यावरील उंडी या वृक्षाच्या मलेशियातील नमुन्यांपासून मिळालेली इनोफायलम कूमरिने एड्सच्या विषाणूच्या रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज या खास एंझाइमास रोखतात, असे १९९३ मध्ये आढळले. लक्ष्य विषाणूचे स्वतःचे असल्याने हा मार्ग अधिक आशादायक असला, तरी त्यापासून औषध तयार झालेले नाही.

रुग्णांवरील परीक्षण : अनेक विषाणुजन्य रोग आपोआप बरे होतात. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या ए व ई प्रकारच्या काविळीतून बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत सावरतात आणि त्याचे श्रेय त्या काळात घेतलेल्या झाडपाल्यास दिले जाते. म्हणून औषध दिलेला व न दिलेला अशा दोन गटांची तुलना अटळ ठरते. काविळीवर महाराष्ट्रात प्रचलित असलेल्या भुईआवळीचा प्रयोग मद्रास येथे बी प्रकारच्या विषाणूच्या वाहकांवर करण्यात आला. १९८८ मधील अहवालानुसार औषध घेतलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूचे पृष्ठीय प्रतिजन नाहीसे झाले. निरौषध भुकटी घेतलेल्या २३ पैकी एकाच्याच बाबतीत तसे घडले. पुढे अन्यत्र झालेल्या परीक्षणांत मात्र असे यश मिळाले नाही. जातींतील भेद, अर्काची प्रत व रुग्णांची निवड यांमुळे असा फरक पडू शकतो. एका यशस्वी परीक्षणावर विसंबून लस किंवा प्रमाणित उपचार टाळणे त्यामुळे धोक्याचे ठरते.

वनस्पतींचे संरक्षण : शोध यशस्वी झाला की मूळ वनस्पतीच संकटात येते. वाळलेल्या लाकडात कँप्टोथेसिनाचे प्रमाण शेकडा ०.३ धरले, तर १ किग्रॅ. द्रव्यासाठी सु. ३३० किग्रॅ. लाकूड लागते. यामुळे सह्याद्रीत नरक्याची मोठ्या प्रमाणावर तोड व चोरटी वाहतूक झाली. यावर उपाय म्हणून तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात कोशिका संवर्धनाने कँप्टोथेसिन मिळविण्याचे प्रयोग झाले व ते २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. नरक्याच्या ऊतकात राहणारे एक कवकही हे द्रव्य तयार करते, असे २००५ मध्ये आढळले. २००२ च्या जैवविविधता अधिनियमाने अशा संपत्तीच्या वापरावर नियंत्रण आणून स्थानिक लोकांना लाभाचा वाटा देण्याची तरतूद केली आहे.

वनस्पती नष्ट झाल्यास काय गमवावे लागते, हे साराव्हाकमधील एका उदाहरणावरून दिसते. तेथे १९८७ मध्ये गोळा केलेल्या, उंडीच्याच वंशातील एका झाडाच्या नमुन्यात एड्सच्या विषाणूला रोखणारे कॅलॅनोलाइड ए हे द्रव्य सापडले. अधिक नमुन्यासाठी संशोधक परत गेले, तेव्हा ते झाड तोडले गेले होते. त्या द्रव्याचा पुरवठा पुढे संश्लेषणाने करावा लागला. ज्यांची परीक्षा अद्याप झालेली नाही अशा जातींच्या बाबतीत तोही मार्ग उरत नाही.