घाई कशाची करावी?

मूल जन्मले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : मुलगा की मुलगी? अंदर मावळातील वाडी असो वा लोणावळ्याची पेठ, पेढे की बर्फी हे त्याच उत्तरावर ठरते. परंतु काही अर्भकांच्या बाह्य जननेंद्रियांची घडण अशी असते की, डॉक्टरांनाही पाहताक्षणी उत्तर देता येत नाही. मग घर गप्प होते, बाळ लपविले जाते. लज्जेपोटी दवडलेले हेच दिवस प्राणावर बेतू शकतात.

या अवस्थेचे एक प्रमुख कारण म्हणजे ॲड्रिनल ग्रंथींतील जन्मजात दोष. एका विकराच्या अभावी आवश्यक संप्रेरके तयार होत नाहीत, पुरुषी संप्रेरके मात्र वाढतात. त्यामुळे मुलगी मुलासारखी दिसू लागते. तीव्र प्रकारात शरीरातील मीठ लघवीवाटे निघून जाते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या होतात, वजन घटते, आणि बाळ दगावू शकते. हाच दोष असलेल्या मुलग्यांत तर सहसा बाह्य खूणही दिसत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने लाखावर अर्भके तपासली, तेव्हा सुमारे ५,८०० जन्मांमागे एक असे याचे प्रमाण आढळले. निदान रक्ततपासणीने होते. गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. पण मूल जगते, शिकते, संसारही करते.

तेव्हा घाई हवी ती तपासणीची, शस्त्रक्रियेची नव्हे. गुणसूत्रे, संप्रेरके व सोनोग्राफी पाहून, आईवडिलांना सारे समजावून, मगच लिंगाविषयी निर्णय व्हावा. केवळ रूप 'नीट' करण्यासाठी अर्भकावर शस्त्रक्रिया करू नये, असा निर्वाळा मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला आणि तमिळनाडू सरकारने त्याच वर्षी, प्राणसंकटाचा अपवाद ठेवून, त्यांवर बंदी घातली. मुलगी म्हणून वाढलेल्या बीड जिल्ह्यातील एका पोलीस शिपायावर २०१८ साली मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, तेव्हा महाराष्ट्रात या विषयाची उघड चर्चा झाली. पण त्या व्यक्तीच्या आयुष्याची जवळजवळ तीन दशके तोवर उलटली होती.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाला येथे खर्चाचा हिशेब सुचणे स्वाभाविक आहे. मावळातील मजुराला पुण्याची प्रत्येक खेप म्हणजे बुडालेला रोज. परंतु टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब टिपकागदावर पुण्याला पाठविता येतात. गोव्याने २००८ साली नवजातांची अशी तपासणी सुरू केली होती. आशा सेविका तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या व एकविसाव्या दिवशी घरी येतातच. ही लक्षणे त्यांना शिकविण्यास कितीसा खर्च येणार? 'मुलगा की मुलगी' याचे उत्तर थोडे थांबू शकते. बाळ थांबू शकत नाही.